कच्ची मार्कशीट आणि दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचा इतिहास

गेल्या रविवारी दादा सकाळीच घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत प्लॉटचे कागद. चहा व्हायच्या आत म्हणाला, "पोरीला अजून एक वर्ष द्यायचं म्हणतोय. लातूरला. कागद तुझ्याकडं ठेव, बँकेत तुझी ओळख आहे."

पुतणीची कहाणी आपल्याकडच्या कुठल्याही घरातली. बारावीला ५८ टक्के. नीटला पहिल्या वर्षी २८७, एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसऱ्या वर्षी ४०२. ७२० पैकी. म्हणजे वाढले, चांगले वाढले, पण सरकारी एमबीबीएसची आशा धरावी इतके नाहीत. आता तिसरी खेप.

ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "काका, तुम्ही पण दोनदा बसला होतात ना बारावीला? आजी सांगत होती."

मित्रांनो, पंचवीस वर्षं मी सगळीकडे एकच वाक्य सांगत आलोय, 'सायन्स सोडून पत्रकारितेकडे वळलो.' सत्काराच्या पत्रिकेत तेच छापलं जातं. खरं असं आहे की मी काही सोडलं नाही, सायन्सनेच मला सोडलं. १९९७ ला पीसीबीला ३०० पैकी २२८. १९९८ ला पुन्हा बसून २५९. यादी माझ्या कितीतरी वर बंद झाली. मग वर्षभर घरी बसलो आणि नंतर पत्रकारितेचा डिप्लोमा केला. हे आज पहिल्यांदा जाहीर लिहितोय.

पुतणीच्या प्रश्नाने आठवडाभर डोकं खाल्लं, म्हणून जुनी कात्रणं आणि पुस्तकं काढून बसलो. कच्ची मार्कशीट घेऊन डॉक्टरकीच्या दारात उभं राहणाऱ्याचं या राज्यात आजवर काय झालं, हे पाहायचं होतं. पोस्ट लांब झाली आहे. ज्यांच्या घरात रिपीटर आहे त्यांनी तरी वाचावी.

सुरुवात आनंदीबाईंपासून करू. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे मॅट्रिकचंसुद्धा प्रमाणपत्र नव्हतं. मार्कशीट कच्ची म्हणायची सोय नाही, कारण मार्कशीटच नव्हती. काय शिकलेय आणि कशासाठी यायचंय हे त्यांनी पत्रातून कळवलं आणि कॉलेजने घेतलं. १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. त्या एकट्या होत्या, अपवाद होत्या, हे मान्य. पण दाराशी बसलेल्या माणसाने कागदापलीकडे पाहिलं, असं एक तरी उदाहरण आपल्या भाषेतल्या घराघरात माहीत आहे.

त्यानंतरचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझी आजी दवाखान्यात जायचं म्हटलं की 'एलेम्पी डॉक्टर' म्हणायची. मला लहानपणी ते आडनाव वाटायचं. एल.एम.पी. किंवा एल.सी.पी.एस. म्हणजे लायसन्शिएट. इंग्रजांच्या काळात डॉक्टर व्हायच्या दोन वाटा होत्या. एक मेडिकल कॉलेजची, मुंबईच्या ग्रँट मेडिकलसारखी, विद्यापीठाची पदवी देणारी. ग्रँट १८४५ चं. दुसरी मेडिकल स्कूलची, पुण्याच्या बी. जे. स्कूलसारखी, नागपूरच्या रॉबर्टसन स्कूलसारखी. स्कूलला मॅट्रिकवर प्रवेश मिळायचा, खर्च कमी, अभ्यास चारेक वर्षांचा, आणि बाहेर पडला की माणूस तालुक्याला, खेड्यात प्रॅक्टिसला. आपला भाग तेव्हा निजामात. इथल्या पोरांना हैदराबाद गाठावं लागायचं, तिथलं मेडिकल स्कूल १८४६ चं, आणि सुरुवातीला तिथे उर्दूतून डॉक्टरकी शिकवत. मराठवाड्यात स्वतःचं मेडिकल कॉलेज यायला १९५६ उजाडलं, औरंगाबादला. अंबाजोगाईचं १९७४ ला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात साधारण साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यातले पदवीवाले १७,६५४ आणि लायसन्शिएट २९,८७०. म्हणजे देशाची नाडी ज्यांच्या हातात होती त्यातले जवळपास दोन तृतीयांश लोक आजच्या भाषेत 'कमी मार्कांचे'. समितीने सांगितलं, डॉक्टर एकाच प्रकारचा हवा, पदवीवाला. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं की इतक्या मोठ्या देशाला इतक्यात लायसन्शिएट बंद करून परवडणार नाही. पण स्कूलं एकेक करून बंद झाली, काहींची कॉलेजं झाली. बी. जे. १९४६ मध्येच कॉलेज झालं.

समितीचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पूर्ण डॉक्टर, हे कुणाला पटेल? पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी नंतर परत आली नाही. लायसन्शिएट झालेल्यांसाठी एमबीबीएसचा 'कंडेन्स्ड कोर्स' होता. आधी खालच्या दारातून आत यायचं, दहा वर्षं रोगी तपासायचे, मग परत अभ्यास करून पदवी घ्यायची. म्हणजे रेकॉर्ड कच्चं असेल तर ते काम करून सुधारता येत होतं. त्यानंतर रेकॉर्ड सुधारायचं म्हणजे तोच पेपर पुन्हा लिहायचा, एवढाच अर्थ उरला.

पुढची काही दशकं इंटर सायन्सची आणि मग बारावीची. दहा अधिक दोन आलं, आणि सगळा जीव तीन विषयांच्या बेरजेत अडकला. एका मार्काला भाव आला. भाव आला की बाजार येतोच.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली. १९८४ मध्ये कराड, लोणी अशी खासगी मेडिकल कॉलेजं उभी राहिली. किमान मार्क असले आणि खिसा जड असला की कच्च्या मार्कशीटला दार उघडलं. सरकारने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. फी बंद झाली की पावती बंद झाली, हे वाचकांना मी सांगायला नको. १९९२ ला मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली आणि १९९३ ला उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'फ्री', निम्म्या 'पेमेंट' अशी वाटणी लावून दिली.

मधेच १९८६. आपल्या जिल्ह्याचं नाव घ्यावंच लागतं. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीच्या मार्कांत फेरफार झाल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ताशेरे ओढले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. डॉक्टरकीच्या मार्कांवरून एका राज्याचं मुख्यमंत्रिपद गेलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पारावर मोठी माणसं 'मार्क, मार्क' करत होती एवढंच आठवतं.

आता माझं. १९९७ ची बारावी म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना समजणार नाही. प्रवेश परीक्षा वगैरे काही नाही. बोर्डाचा पेपर हाच सगळा खेळ. फिजिक्सचा पेपर अवघड गेला की सेंटरबाहेर झाडाखाली पोरं रडायची आणि बाप लोक हिशेब करायचे. त्यातून एक युक्ती निघाली होती, पेपर ड्रॉप करायची. पहिला पेपर वाईट गेला की पुढच्या पेपरला जायचंच नाही. मुद्दाम नापास व्हायचं, म्हणजे पुढच्या वर्षी सगळे विषय कोरे घेऊन बसता येतं. हुशार पोरगा स्वतःहून नापास होतोय आणि घरचे त्याला पेढा देतायत, असं दृश्य मी डोळ्याने पाहिलंय. माझ्याकडे ते धाडस नव्हतं. मी सगळे पेपर देऊन २२८ आणले आणि मग दुसऱ्या वर्षी परत बसलो.

लातूर तेव्हा जोरात होतं. भूकंपाला चार वर्षं झाली होती, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं येऊ लागली की पेपरात 'लातूर पॅटर्न' छापून यायचं. पॅटर्न म्हणजे जादू नव्हती. एकच धडा दहादा लिहून घ्यायचा, रोज परीक्षा, तपासून लगेच हातात. खेड्यातल्या पोरांना बोर्डाचा पेपर कसा लिहायचा हे कुणीतरी पहिल्यांदा नीट शिकवत होतं. याचं श्रेय द्यायलाच हवं, मी त्याच शिस्तीत ३१ मार्क वाढवले. पण माझ्या खोलीत आम्ही पाच जण होतो. पाचांपैकी एक लागला.

इथे एक कबुली. यादी लागल्यावर मी दोनेक वर्षं चहाच्या टपरीवर सांगत फिरायचो, 'आपली जागा आरक्षणाने खाल्ली.' टाळ्या पडायच्या. नंतर बातमीदारीत आकडे वाचायची सवय लागली तेव्हा स्वतःचाच हिशेब मांडला. खुल्या गटाची यादी माझ्या बेरजेच्या इतकी वर बंद झाली होती की आरक्षण नसतं तरी माझ्यापुढे मोठी रांग उभीच होती. माझ्याहून कमी मार्कांचे ओळखीतले दोघे मात्र त्याच वर्षी डॉक्टर व्हायला गेले. पेमेंट सीटवर. त्यांच्याबद्दल मी टपरीवर एक शब्द बोललो नव्हतो. उलट त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो.

आम्ही त्यातून सुटलो आणि नियम बदलले. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमावलीने सांगितलं की जिथे एकाहून जास्त बोर्डं आहेत तिथे प्रवेश परीक्षा हवी, आणि बारावीला खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के पुरेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात सीईटी आली. कागदावर ही कच्च्या मार्कशीटवाल्यांसाठी मोठी सुटका होती. बोर्डाला ६० पडले काय नि ९५ पडले काय, सगळे एका रेषेवर. ज्या एका मार्कासाठी आम्ही वर्ष घातलं, त्याची किंमत रातोरात गेली.

पण रेषा सगळ्यांना सारखी असली तरी तिथपर्यंत यायचा खर्च सारखा नव्हता. बोर्डाचा अभ्यास कॉलेजात होत होता. पर्यायी प्रश्नांचा अभ्यास क्लासमध्ये होऊ लागला. लातूरचा ट्यूशन एरिया त्यातून फुगला. 'रिपीटर बॅच' हा शब्द पाटीवर आला. आमच्या वेळी दुसऱ्यांदा बसणारा तोंड लपवून फिरायचा, आता त्याच्यासाठी वेगळी बॅच, वेगळी फी, वेगळं होस्टेल.

मग नीट. ५ मे २०१३ ला पहिली झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आणि ११ एप्रिल २०१६ ला त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे. त्याच दिवशी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरकडे निघाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातुरात आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन, आणि आम्ही सगळे बातमीदार स्टेशनवर. आजूबाजूला होस्टेलची पोरं होती, हातात मोबाईल, पाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. 'सर, सीईटी होणार का नीट?' मी काय सांगणार? २४ मे ला केंद्राने अध्यादेश काढून राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिली, तोवर सहा आठवडे ती पोरं दोन्ही अभ्यासक्रम घेऊन बसली होती. प्यायला विकतचं पाणी.

नीटने काय केलं याचा सगळ्यात स्पष्ट हिशेब तामिळनाडूत आहे. तिथे सीईटी बंद करून बारावीच्या मार्कांवर प्रवेश चालायचे. २०१७ मध्ये नीट लागू झाली. अरियालूर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलीला बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क होते आणि नीटला ८६. एका कागदावर सोनं, दुसऱ्यावर माती. त्या वर्षी सप्टेंबरात तिने जीव दिला. पुढे तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली. तिने काढलेला आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २०१६-१७ मध्ये एमबीबीएसला लागलेल्यांत रिपीटर होते साडेबारा टक्के. २०२०-२१ मध्ये ७१ टक्क्यांहून जास्त. चार वर्षांत दुसऱ्यांदा बसणारा हा अपवाद राहिला नाही, तोच नियम झाला. आणि पहिल्या वेळी बसणारी पोरगी आता अशांशी स्पर्धा करते ज्यांनी तोच अभ्यास दोनदा, तीनदा केलाय.

नियम करणाऱ्यांचंही मन स्थिर नव्हतं. २०१७ च्या सुरुवातीला तीनच संधी असं जाहीर झालं, मग आधीच्या मोजणार नाही म्हणाले, मग ती मर्यादाच गेली. २०१८ ला वयाची अट आली आणि मुक्त विद्यालयाच्या पोरांना बंदी. दिल्ली उच्च न्यायालयाने वयाची अट ठेवली, बंदी उडवली. २०२२ मध्ये वयाची वरची अटही गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक मोकळीक मिळाली. अकरावी-बारावीला बायोलॉजी नसेल तर नंतर जादा विषय म्हणून पास झालं तरी चालेल. आपल्या भागात ही गोष्ट अजून अनेकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मराठवाड्याच्या मुलांना खुपणारा ७०:३० चा प्रादेशिक कोटाही २०२० मध्ये रद्द झाला.

थोडक्यात, आज कायद्याने कच्च्या मार्कशीटला जेवढी सवलत आहे तेवढी कधीच नव्हती. बारावीला ५० टक्के पुरे. वय कितीही. कितीदाही बसा. आणि तरी २०२४ मध्ये परीक्षेला तेवीस लाखांहून जास्त पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षी पेपर फुटला, चौकशीत लातूरचंही नाव आलं, आणि प्रामाणिकपणे दुसरं वर्ष काढणाऱ्या पोरांना उन्हाळाभर झोप नव्हती.

कमी मार्कांवर डॉक्टर होताच येत नाही असंही नाही. २०१८ ला खुल्या गटाला पात्रतेसाठी ७२० पैकी ११९ पुरत होते. एवढ्या मार्कांवर महागडी जागा मिळू शकते, फी भरायची ताकद हवी. म्हणजे ११९ आणि सरकारी कॉलेजची यादी यांच्या मधलं अंतर एक तर पैशाने कापायचं, नाहीतर वर्षांनी. आणि वर्षंसुद्धा आता पैशानेच विकत घ्यावी लागतात.

दादाला मी हे सगळं इतकं नीट सांगू शकलो नाही. एवढंच म्हणालो, की तिसरं वर्ष द्यायचं असेल तर आधी तिच्या सराव परीक्षांचे मार्क महिन्यागणिक मांडून बघू. २८७ चे ४०२ कधी झाले, दिवाळीआधी की शेवटच्या दोन महिन्यांत? चढ अजून चालू आहे की फेब्रुवारीतच थांबला होता? माझे ३१ मार्क पहिल्या चार महिन्यांतच वाढले होते, उरलेलं वर्ष मी तिथल्या तिथेच होतो, आणि ते कुणी बघितलं नव्हतं. मीही नाही. आणि बीएस्सी नर्सिंगचा, फिजिओथेरपीचा फॉर्म भरणं म्हणजे हरणं नाही, हे घरात मोठ्याने बोलायला हवं. दादा गप्प बसला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे तुम्हीच, वाचणारे.

पुतणी मात्र वेगळंच विचारत होती. "काका, दुसऱ्या वर्षात तुमचे एकतीस मार्क वाढले. आजोबांचे किती गेले?"

मला सांगता आलं नाही. कधी विचारलंच नव्हतं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावर आहेत, त्या परवा काढल्या. १९९७ ची वही वाळवीने कोपऱ्यात खाल्लीय, पण अक्षर लागतं. 'लातूर. खोली, मेस, क्लास मिळून ११,४००.' त्याच पानावर खाली, जमेच्या बाजूला, 'बैलजोडी, अहमदपूर बाजार.' रकमेची जागा वाळवीने नेली आहे.

पानाचा फोटो काढून पुतणीला पाठवला. तिने पाहिलाय, उत्तर अजून नाही. दादाच्या प्लॉटचे कागद माझ्या कपाटातच आहेत.